आमच्या वावरावरची हवा विकली, पण ती वापरतं कोण?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. रेंज असेल तर पूर्ण उघडेल. नसेल तर बनोशाच्या चौकात या आणि वाचा. विषयही तोच आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. येवद्याच्या रस्त्यानं मी गाडीवर परत येत होतो. आभाळ गच्च भरलेलं, दूर पूर्णेकडं विजा चमकत होत्या. एका वावराच्या धुऱ्यावर एक कास्तकार हात उंच करून उभा दिसला. मला वाटलं मदत मागतोय, म्हणून गाडी थांबवली. त्याच्या हातात मोबाइल होता. पीक पाहणीचा फोटो जात नव्हता.

मी म्हटलं, "काका, विजा पडून राहिल्या, घरी जाऊन टाका ना फोटो."

तो म्हणे, "भौ, घरून टाकाले गेलो त ॲप म्हणते तुम्ही वावरात नाई. वावरात आलो त रेंज नाई. आता तुम्हीच सांगा मी उभा कुठं राहू?"

मी पत्रकार. लोकांना प्रश्न विचारणं हा माझा धंदा. त्या माणसाच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला आहे. जे वाचलं, समजून घेतलं ते सांगतो. आणि शेवटी एक मागणी आहे, ती आपण सगळ्यांनी मिळून करायची आहे.

पहिली गोष्ट. मोबाइल ज्या लहरींवर चालतो त्या लहरी कुठल्या कंपनीच्या बापाच्या नाहीत. हे मी म्हणत नाही. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात स्पष्ट सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. म्हणजे गावच्या गायरानासारखी. सरकार त्याचं मालक नाही, राखणदार आहे. कंपनी लिलावात पैसे भरते ते ठरावीक वर्षं वापरण्यासाठी, सातबारा नावावर करून घेण्यासाठी नाही.

दुसरी गोष्ट, या लहरी वाटून का द्याव्या लागतात? गणपतीतलं उदाहरण घ्या. शेजारशेजारच्या दोन मंडळांनी एकाच वेळी भोंगे लावले तर कोणाचंच गाणं ऐकू येत नाही. पण एक मंडळ दर्यापुरात आणि दुसरं अंजनगावात असेल तर दोघंही खुशाल तेच गाणं लावू शकतात. मोबाइलचं गणित असंच. शेजारच्या दोन टॉवरांनी एकच लहर वापरली तर गोंधळ होतो. जरा लांबच्या टॉवरला तीच लहर पुन्हा वापरता येते. जुन्या टूजीच्या काळात इंजिनिअर लोक नकाशावर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं काढून कोणत्या घराला कोणती लहर द्यायची ते ठरवायचे. आता फोरजी-फायजीत शेजारचे टॉवर तीच लहर वापरतात आणि यंत्रं आपसात वेळ आणि ताकद वाटून घेतात. पण मूळ तत्त्व बदललेलं नाही. लहर मोजकी आहे, आणि ती नीट वाटली तर एकच लहर हजार ठिकाणी कामाला येते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सगळ्या लहरी सारख्या नसतात. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यातल्या लहरी लांब जातात, भिंतीतून आत शिरतात, झाडाझुडपांना फारशा अडत नाहीत. ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात डेटा भरपूर वाहतो, पण लहर लवकर दमते. म्हणून शहरात, जिथं माणसाला माणूस खेटून आहे, तिथं वरचा पट्टा कामाचा. आणि आमच्यासारख्या सपाट काळ्या मातीच्या मुलखात, जिथं एका गावापासून दुसऱ्या गावापर्यंत नुसती पऱ्हाटी आणि तूर, तिथं खालचा पट्टा सोन्याचा.

आणखी एक. काड्या तीन दिसतात पण फोन लागत नाही, हे कसं? टॉवरचा आवाज मोठा असतो, तो तुमच्या फोनला ऐकू येतो. तुमच्या फोनचा आवाज लहान, तो टॉवरपर्यंत पोचत नाही. मैदानाच्या टोकाला उभ्या पोराला मास्तर ऐकू येतात, पण पोराचं उत्तर मास्तरांना ऐकू येत नाही, तसंच. काड्या खोट्या नसतात, अर्ध्या खऱ्या असतात. लहर जितकी वरच्या पट्ट्यातली, तितका हा घोळ जास्त.

आता मुद्द्यावर येतो. हा सोन्याचा पट्टा सरकारनं कसा वाटला?

तुम्हाला टूजी आठवत असेल. २००८ च्या जानेवारीत १२२ परवाने 'आधी येईल त्याला आधी' या पद्धतीनं, २००१ च्या भावानं वाटले गेले. २०१० मध्ये कॅगनं संभाव्य तोटा १ लाख ७६ हजार कोटींपर्यंत काढला. २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं ते सगळे परवाने रद्द केले. पुढं डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयानं फौजदारी खटल्यातले आरोपी निर्दोष सोडले. तो वाद आज उकरत नाही. पण त्या प्रकरणानं देशाला एक सवय लावली. लहरींचा हिशेब म्हणजे तिजोरीत किती कोटी आले, एवढंच. ती लहर शेवटच्या माणसापर्यंत पोचली का, हा हिशेब कोणी मांडतच नाही.

आम्ही पत्रकारही त्यात आलो, हे कबूल करतो. २०२२ च्या लिलावात दीड लाख कोटी आले, ही बातमी मीही ठळक मथळ्यात लावली होती. त्या लहरी दर्यापूर तालुक्यात कुठं लागणार, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. सुचायला पाहिजे होता.

याच सवयीचा एक नमुना बघा. ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे खेड्यासाठीचा सगळ्यात उत्तम पट्टा, २०१६ ला लिलावात काढला. देशभरासाठी एका मेगाहर्ट्झचा राखीव भाव ठेवला ११,४८५ कोटी. एकही बोली आली नाही. २०२१ ला भाव ६,५६८ कोटींवर आणला. तेव्हाही एकही बोली नाही. २०२२ ला ३,९२७ कोटींवर आणला तेव्हा कुठं जिओनं तो घेतला. म्हणजे सहा वर्षं तो पट्टा तसाच पडून राहिला.

आमच्या कास्तकाराला हे लगेच कळेल. भाव नाही म्हणून तो कापूस घरात भरून ठेवतो, कारण कापूस टिकतो. आज नाही तर होळीनंतर चार पैसे येतील या आशेवर तो थांबू शकतो. लहर टिकत नाही. आज वापरली नाही तर आजची गेली, कायमची गेली. पूर्णेला पूर आला आणि पाणी खाली वाहून गेलं, तसं. सहा वर्षं सरकार भाव धरून बसलं आणि त्या सहा वर्षांत पूर वाहून गेला. त्यात तिजोरीलाही काही आलं नाही आणि वावरातल्या फोनलाही काही आलं नाही.

जून २०२४ च्या लिलावाचं तर विचारूच नका. साडेदहा हजार मेगाहर्ट्झच्या आसपास विक्रीला काढले, १४१ विकले गेले. कंपन्या म्हणतात, आमच्याकडं आधीचा माल पुरेसा आहे. असेलही. पण तुमच्याकडं माल पुरेसा आहे तर आमच्या धुऱ्यावरचा माणूस हात वर करून का उभा आहे?

याचं उत्तर लहरी विकायच्या पद्धतीत आहे.

लहरी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या हिशेबानं विकत नाहीत. देशाचे २२ भाग केले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. मुंबई वेगळं सर्कल. बाकीचा पूर्ण महाराष्ट्र आणि सोबत गोवा मिळून दुसरं एक सर्कल. म्हणजे पुण्याचं हिंजवडी, पणजीचा किनारा, नागपूरचं सिताबर्डी आणि आमचं वडनेर गंगाई, थिलोरी, खल्लार हे सगळं एकाच गाठोड्यात. कंपनी बोली लावते ती पुण्या-नाशकाच्या धंद्यावर डोळा ठेवून. दर्यापूरची हवा त्या गाठोड्यात वरकड म्हणून जाते. भाजीवर कोथिंबीर जाते ना, तशी.

मग होतं काय? पुण्यात ती लहर रात्रंदिवस राबते. आमच्याकडं तीच लहर कंपनीच्या नावावर असते, दुसरा कोणी तिला हात लावू शकत नाही, आणि जिथं टॉवरच नाही तिथं ती नुसती पडून असते. उद्या अमरावतीतल्या एखाद्या होतकरू पोरानं म्हटलं की मी फक्त दर्यापूर-अंजनगाव एवढ्याच भागात छोटं नेटवर्क उभारतो, तर त्याला लिलावात दर्यापूरपुरती लहर मिळतच नाही. पूर्ण महाराष्ट्र घे, नाही तर घरी बस.

तुम्ही म्हणाल, कंपन्यांवर अटी असतील की. आहेत ना. गेल्या दशकातल्या लिलावांत साधारण अट अशी होती की सर्कलमधल्या गट मुख्यालयांपैकी तीन वर्षांत १० टक्के, चार वर्षांत २० टक्के आणि पाच वर्षांत ३० टक्के ठिकाणी सेवा पोचवा. पाच वर्षांत ३० टक्के! उरलेली ७० टक्के मुख्यालयं सोडली तरी कंपनी पास. आणि मुख्यालयात पोचलं म्हणजे काय, तर स्थानिक संस्थेच्या हद्दीत, रस्त्यावर सिग्नल मिळाला पाहिजे. म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीची पाटी आली की अट संपली. पाटीच्या पलीकडं वावर सुरू होतं, आणि वावर कुठल्याच अटीत नाही.

'गाव कव्हर झालं' या शब्दाचीही हीच गंमत. ग्रामपंचायतीपाशी फोन लागला की गाव कव्हर. पण आमचा माणूस दिवसभर असतो कुठं? गावठाणात तो झोपायला येतो. त्याचं जगणं शेतशिवारात आहे. साप चावला तर तिथं चावतो. वीज पडते ती तिथं पडते. दामिनी ॲपवर विजेचा इशारा येतो म्हणतात, पण वावरात रेंजच नसेल तर तो इशारा येणार कोणाच्या फोनवर? सेवेचा दर्जाही मुख्यतः सर्कल आणि राज्याच्या पातळीवर मोजला जातो. पुण्याचे लाखो चांगले कॉल आणि आमचे शंभर तुटलेले कॉल एकत्र घोटले की सरासरी झकास निघते.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर ही पोस्ट एकतर्फी होईल.

कंपनीत काम करणारा एक ओळखीचा इंजिनिअर म्हणाला, "दादा, लहर असून भागत नाही. टॉवरला वीज लागते, मागं फायबर लागतं. तुमच्याकडं बत्ती गेली की बॅटरी किती तास पुरणार? आणि टॉवर उभा करायला गेलो की तुमचीच माणसं आडवी येतात." खरं आहे त्याचं. टॉवरनं कॅन्सर होतो म्हणून मोर्चा काढायचा आणि दुसऱ्या दिवशी रेंज नाही म्हणून निवेदन द्यायचं, हे आपण केलं आहे. भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे, २०१२ पासून. सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर जवळचे टॉवर कुठले हे बघता येतं. भीती वाटत असेल तर तिथं तपासा, पण दोन्ही तोंडांनी बोलू नका.

इंजिनिअरचं दुसरं म्हणणं, गावात टॉवर परवडत नाही. मान्य. पण मग एक करा. तुम्हाला परवडत नाही तर तेवढ्या भागातली लहर दुसऱ्याला वापरू द्या. स्वतः पेरायचं नाही आणि दुसऱ्याला बटईनंही द्यायचं नाही, असं पडीक ठेवलेलं वावर आमच्याकडं कोणी चांगलं म्हणत नाही.

आणि हे स्वप्नरंजन नाही. इंग्लंडमध्ये २०१९ पासून नियम आहे. मोठ्या कंपनीची लहर एखाद्या भागात पडून असेल तर तिथला छोटा सेवादार नियामकाकडं अर्ज करून ती त्या भागापुरती मागू शकतो. अमेरिकेत २०२० मध्ये ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले परवाने काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या हिशेबानं विकले. आणि घेणाऱ्यानं लहर वापरली नाही तर तेवढ्या जागेत इतरांना ती वापरता येते.

परदेश राहू द्या. आपल्याच महाराष्ट्रात, पालघर जिल्ह्यात, आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं खामलोलीच्या पाड्यांमध्ये टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून इंटरनेट पोचवून दाखवलं. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमध्ये टीव्हीचे १५ चॅनल बसतात. त्या शास्त्रज्ञांनी मोजून सांगितलं की देशात जवळपास कुठंही गेलात तरी त्यातले किमान १२ रिकामे आहेत. २०१७ मध्ये या प्रकल्पाला मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळालं. म्हणजे अक्कल आपल्याकडं आहे, लहरही आहे. अडलंय ते परवानगीच्या कागदावर.

कायदाही आहे बरं. दूरसंचार अधिनियम २०२३ चं कलम ७ वाचा. दिलेली लहर पुरेशा कारणाशिवाय ठरावीक काळ वापरात नसेल तर केंद्र सरकार कंपनीचं म्हणणं ऐकून ती पूर्ण किंवा अंशतः काढून घेऊ शकतं, किंवा वापराच्या नव्या अटी घालू शकतं. लहर भाड्यानं देण्याची, वाटून वापरण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. 'वापरा नाही तर सोडा' हे आता कायद्याच्या पुस्तकात आहे. प्रश्न एवढाच की 'वापरात नाही' हे मोजायचं कुठल्या मापानं? पूर्ण सर्कलचं माप लावलं तर पुण्यात एक टॉवर चालू असला तरी लहर 'वापरात' आहे. तालुक्याचं माप लावलं तरच आमचं दुःख दिसेल.

बीएसएनएलबद्दलही बोललं पाहिजे, कारण ती आपली, सरकारची कंपनी. जून २०२३ मध्ये केंद्रानं ८९,०४७ कोटींचं पॅकेज दिलं. त्यात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा देशभरासाठी लिलावाशिवाय दिला, किंमत धरली ४६,३३८ कोटी. म्हणजे खेड्यासाठीची सगळ्यात चांगली लहर आज सरकारी कंपनीच्या हातात आहे. तिथं खासगी नफ्याचं कारण सांगता येणार नाही. दर्यापूर तालुक्यात किती टॉवरांवरून ७०० मेगाहर्ट्झ चालू आहे, एवढा साधा आकडा जनतेला मिळाला पाहिजे. मी माहितीच्या अधिकारात तो अर्ज या आठवड्यात टाकतोय. उत्तर आलं की इथंच टाकीन, जसं असेल तसं.

काही जण म्हणतील, पिकाला भाव नाही, खारपाणपट्ट्यात प्यायचं पाणी नाही, आणि हा बावा रेंजचं घेऊन बसला. पण सरकारनंच सगळी दारं मोबाइलमध्ये नेली ना? पीएम किसानची ई-केवायसी मोबाइलवर. लाडक्या बहिणीची ई-केवायसी मोबाइलवर. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला कापूस विकायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी. रेशनच्या मशीनलाही सिमच लागतं. दार मोबाइलमध्ये आणि मोबाइलला रेंज नाही, म्हणजे दार बंदच. भाव मागायला जायचा रस्ताही आता याच लहरीवरून जातो.

म्हणून मागण्या चार. पहिली, कोणत्या कंपनीची कोणती लहर कोणत्या तालुक्यात चालू आहे, हे सरकारनं तालुकावार जाहीर करावं. दुसरी, कलम ७ चं माप सर्कल नको, तालुका ठेवा. तिसरी, पुढच्या लिलावात गट मुख्यालयाच्या टक्केवारीऐवजी शेतशिवारासह गावांची अट घाला, आणि त्यासाठी राखीव भाव कमी करावा लागला तरी करा. तिजोरीत चार कोटी कमी आले तरी चालतील. चौथी, जिथं लहर पडून आहे तिथं छोट्या स्थानिक सेवादाराला ती वापरू द्या.

तुम्ही काय करायचं? ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीला आपल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा ठेवावाच लागतो. तो उघडा, आपलं वावर शोधा. नकाशात रंग भरलेला आहे आणि वावरात फोन लागत नाही, असं असेल तर स्क्रीनशॉट काढा. खाली कॉमेंटमध्ये गावाचं नाव, शिवाराचं नाव, वेळ आणि कोणतं सिम ते लिहा. उगाच शिव्या नकोत, नोंद पाहिजे. शंभर नोंदी जमल्या की तालुक्याचा आपला नकाशा आपणच बनवू आणि कंपनीच्या नकाशाशेजारी ठेवू. ग्रामसभेत ठराव घ्या, मसुदा मी करून देतो. खासदार, आमदार कुठल्या पक्षाचे हे न बघता सगळ्यांच्या हातात तो कागद देऊ.

त्या धुऱ्यावरच्या काकांचा फोटो त्या दिवशी गेलाच नाही. पाऊस सुरू झाला तसा मी त्यांना गाडीवर बसवून गावात सोडलं. उतरताना म्हणाले, "उद्या पुन्हा येतो वावरात, पाहू जाते का."

कॉमेंटची वाट बघतोय. रेंजमध्ये आलात की लिहा.